छोट्या कॅचरचे लेगगार्ड: माप कसं घ्यायचं, जोड कसा निवडायचा, पट्टे कसे बांधायचे

सॉफ्टबॉलमध्ये फलंदाजामागे बसून चेंडू घेणाऱ्या कॅचर मुलामुलींचे लेगगार्ड (गुडघ्यापासून पावलापर्यंत पाय झाकणारं कवच) घेताना बहुतेक घरांत आणि शाळांत वय पाहिलं जातं, उंची पाहिली जाते आणि वर "पुढच्या वर्षीही चालायला हवेत" असा हिशेब केला जातो. या तिन्ही गोष्टींवरून नेमका जोड मिळत नाही. कॅचरच्या लेगगार्डचं मुख्य माप म्हणजे गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापासून पाऊल आणि नडगी जिथे मिळतात त्या घडीपर्यंतचं अंतर. तेही गुडघा वाकवून आणि बूट घालून घेतलेलं. एकाच वर्गातल्या, एकाच उंचीच्या दोघींच्या या मापात एखाद्या इंचाचा फरक सहज निघतो.

लांब लेगगार्ड का चालत नाही, हे आधी नीट समजून घ्या. पुढचे सगळे टप्पे त्यावरच उभे आहेत. कॅचर उकिडवी बसते तेव्हा नडगी पुढे झुकते आणि पावलाजवळची जागा कमी होते. लेगगार्ड लांब असेल तर त्याची खालची कड पावलावर टेकते आणि सगळा जोड वर ढकलला जातो. गुडघ्याची वाटी झाकणारा भाग मांडीवर चढतो. मग चेंडू अडवायला ती गुडघ्यांवर पडली की जमिनीवर आपटतं ते वाटीच्या खालचं हाड. दहा ते पंधरा या वाढीच्या वयात नेमकी तीच जागा सगळ्यात नाजूक असते.

लेगगार्डला काय काय अडवायचं असतं, तेही लक्षात ठेवा. १२ इंची सॉफ्टबॉल १७७ ते १९८ ग्रॅमचा असतो आणि मुलींच्या वरच्या गटांत तो पिचरकडून (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूकडून) १३.११ मीटरवरून येतो. एकदम खाली बुडणारा ड्रॉप बॉल होम प्लेटपुढे (फलंदाजाजवळ जमिनीत बसवलेल्या पाटीपुढे) टप्पा घेऊन नडगीवर येतो, बॅटला निसटता लागलेला चेंडू पावलावर आणि घोट्याच्या आतल्या बाजूला लागतो, होम प्लेटवर घसरत येणाऱ्या रनरचा बूट घोट्यावर येतो. आणि दर सरावात कितीतरी वेळा गुडघे मुरमाच्या मैदानावर आदळतात.

## तयारी

हे सामान आधी जवळ ठेवा:

- शिंप्याची मऊ टेप (लोखंडी टेप नडगीच्या वळणावर बसत नाही)
- सामन्यातले बूट, गुडघ्यापर्यंतचे मोजे आणि खेळायची पँट
- पाठीची खुर्ची, जिच्यावर बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकतील
- वही आणि बॉलपेन
- माप घ्यायला दुसरी व्यक्ती. मुलीने स्वतः वाकून घेतलेलं माप नेहमी चुकतं

इशारा: क्रिकेटचे बॅटिंग पॅड, विकेटकीपिंग पॅड किंवा फुटबॉलचे शिनगार्ड "सध्यापुरते" वापरू नका. बॅटिंग पॅड गुडघ्यात हवे तसे दुमडत नाहीत, त्यामुळे उकिडवं बसताना ते मांडीत घुसतात आणि मुलगी टाचा उचलून, तोल सावरत बसायला लागते. विकेटकीपिंग पॅड आखूड असतात आणि गुडघे जमिनीवर टेकून चेंडू अडवण्यासाठी ते बनवलेले नाहीत. फुटबॉलच्या शिनगार्डला तर गुडघाच नसतो. फास्ट पिच सॉफ्टबॉलमध्ये (चेंडू वेगाने टाकतात त्या प्रकारात) कॅचरच्या लेगगार्डने गुडघ्याची वाटी झाकलेली असावी लागते.

## टप्पा १: माप घ्या

१. मुलीला बूट, मोजे आणि पँट घालून खुर्चीवर बसवा. गुडघा काटकोनात, पाऊल सपाट.

२. बोटांनी गुडघ्याची वाटी चाचपून तिची वरची आणि खालची कड शोधा. दोन्हींच्या बरोबर मध्यावर पँटवर पेनाने बारीक खूण करा.

३. टेपचं टोक खुणेवर धरा आणि नडगीच्या पुढच्या हाडावरून सरळ खाली आणा. पाऊल जिथे सुरू होतं, बुटाची जीभ जिथे नडगीला टेकते, त्या घडीवर थांबा. घोट्याच्या गोळ्यापर्यंत किंवा जमिनीपर्यंत मोजू नका. ही सर्रास होणारी चूक आहे, आणि तिच्यामुळे माप दोन-तीन इंचांनी फुगतं.

४. दुसरा पाय मोजा. फरक निघाला तर मोठं माप धरा.

५. पोटरीच्या सगळ्यात जाड भागाचा घेर घ्या. पट्टे पुरतात की नाही आणि बाजूचे पंख (कडेला वळलेलं कवच) पोटरीला किती वेढतात, हे त्यावरून कळतं.

६. आकडे सेंटीमीटर आणि इंच दोन्हीत लिहा, शेजारी तारीख टाका. एक इंच म्हणजे २.५४ सेंटीमीटर. ३३ सेंटीमीटर आलं तर ते १३ इंच.

तपासा: तेच माप दुसऱ्यांदा घ्या. दोन मापांत एक सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर वाटीचा मध्य चुकलाय, पुन्हा शोधा.

## टप्पा २: आकडा तक्त्याशी लावा

कंपन्यांच्या तक्त्यांत साधारण असं दिसतं: ७ ते ९ वर्षांसाठी ११ ते १२ इंच, ९ ते १२ साठी १३ ते १४ इंच, १२ ते १६ साठी १४ ते साडेपंधरा इंच, आणि मोठ्यांचे १६ ते १७ इंच. तुम्ही फक्त इंच वाचा. तेरा वर्षांच्या मुलीचं माप १३ इंच असेल तर तिला लहान गटाचा जोडच बसेल, पाकिटावर वय काहीही छापलेलं असो.

काही कंपन्या वाटीच्या मध्यापासून घोट्याच्या घडीपर्यंतचा आकडा देतात, काही मांडीवरच्या भागासकट पूर्ण लांबी देतात. तक्त्यात आकृती असेल तर ती पाहा. नसेल तर विकणाऱ्याला विचारा, किंवा त्याला जोडावरच टेप लावायला सांगा: वाटी झाकणाऱ्या कवचाच्या मध्यापासून नडगीच्या कवचाच्या खालच्या कडेपर्यंत, पावलावर येणारा पंखा सोडून.

वाढत्या पायासाठी जास्तीत जास्त अर्धा इंच सोडा, त्यापलीकडे नाही. माप दोन साइझच्या मध्ये पडलं तर दोन्ही मागवून टप्पा ५ ची चाचणी घ्या. दोन्ही पास झाले तर मोठा ठेवा. एकच मागवणं शक्य असेल तर आमचं स्पष्ट मत असं, की अर्धा इंच आखूड जोड चालवून घेता येतो, एक इंच लांब जोड नाही. आखूड जोडात पावलाजवळ थोडी फट राहते, पण वाटी जागेवर झाकलेली राहते. लांब जोडात वाटीच उघडी पडते.

इशारा: ऑनलाइन मागवलात तर घरातच, फरशीवर चादर टाकून चाचणी घ्या. मैदानावर एकदा गुडघे टेकले की कवचावर ओरखडे येतात आणि बदलून मिळण्याचा मार्ग बंद होतो.

## टप्पा ३: जोड हातात घेऊन भाग पाहा

गुडघ्याचं कवच. एकपदरी, दुपदरी आणि तिपदरी असे प्रकार मिळतात. एकपदरी कवच उभं राहताना नीट दिसतं, पण पूर्ण उकिडवं बसल्यावर मांडीच्या बाजूला फट पडते. ते घेऊ नका. बारा वर्षांच्या आतल्या मुलांना दुपदरी पुरतं आणि हलकंही पडतं. तिपदरी जास्त सहज दुमडतं, वजन मात्र थोडं वाढतं; रोज सराव करणाऱ्या मोठ्या मुलींना ते योग्य.

सांधे. कवचाचे पदर रिव्हेटने किंवा पट्ट्यांनी जोडलेले असतात. हाताने पूर्ण दुमडून पाहा. मध्येच अडकत असेल किंवा कडा एकमेकांत चावत असतील तर मैदानावर पँट आणि कातडी त्यात सापडेल.

आतलं अस्तर. ते वेल्क्रोने निघणारं हवं. मुरमाचे कण आत शिरतातच, आणि न निघणाऱ्या अस्तरातून ते झटकता येत नाहीत. नडगी सोलवटण्याचं एक मोठं कारण हेच.

बाजूचे पंख. गुडघ्याच्या आणि पोटरीच्या कडेला वळलेलं कवच. खेळाडू गुडघे फाकवून बसते तेव्हा पायाची आतली बाजू पिचरकडे उघडी होते, म्हणून आतला पंख विशेष पाहा. तो फार रुंद असेल तर धावताना दोन्ही पाय एकमेकांवर घासतात, फार अरुंद असेल तर आतली बाजू उघडी राहते.

पावलावरचा पंखा. बिजागरीने हलणारा असेल तर उत्तम. स्थिर आणि लांब असेल तर उकिडवं बसताना तो पावलात रुततो.

पट्टे. साधारण इंचभर रुंद इलॅस्टिक, एका टोकाला हूक, मध्ये लांबी कमीजास्त करायची पट्टी. चार किंवा पाच पट्टे असतात. ते सुटे काढता येणारे हवेत, कारण सगळ्यात आधी झिजतात ते पट्टेच.

मुलींच्या फास्ट पिचसाठी बनवलेले जोड बेसबॉलच्या जोडांपेक्षा अरुंद आणि हलके असतात. बारीक पोटरीच्या मुलीवर बेसबॉलचा जोड गरगर फिरतो. माप जुळलं तरी ही गोष्ट पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

## टप्पा ४: घालण्याचा क्रम

हा क्रम मोडला की चांगला जोडही वाईट वागतो.

१. मोजे, पँट, बूट. बुटाच्या नाड्या बांधून झाल्यावरच लेगगार्ड.

२. लेगगार्ड आधी, छातीचं कवच नंतर. कवच घातल्यावर खाली वाकून खालचे पट्टे नीट लावता येत नाहीत, आणि घाईत ते सैल राहतात.

३. डावा-उजवा ओळखा. खूण नसेल तर हूक पाहा: सगळे हूक पायाच्या बाहेरच्या बाजूला यायला हवेत. आत आले तर धावताना एका पायाचा हूक दुसऱ्या पायाच्या पट्ट्यात अडकतो आणि मुलगी तोंडावर पडते.

४. खुर्चीवर बसून, गुडघा वाकवून, आधी वाटीवर कवच ठेवा. नडगीचा भाग मागाहून टेकवा. उभं राहून, पाय सरळ ठेवून घातलेला जोड बसल्याबरोबर सरकतो.

५. पहिला पट्टा गुडघ्याच्या लगेच खालचा. हाच जोडाला जागेवर धरतो. पट्टा आणि पाय यांच्यात एक बोट जेमतेम शिरेल इतका घट्ट.

६. मग घोट्याजवळचा. तोही तितकाच घट्ट.

७. मग पोटरीवरचा. इथे दोन बोटं जातील इतकी जागा ठेवा, कारण बसल्यावर पोटरी फुगते.

८. शेवटी गुडघ्याच्या मागून किंवा मांडीवरून जाणारा. हा सगळ्यात सैल, फक्त कवच फडफडणार नाही इतका.

९. लांबी ठरली की पट्ट्यावर, सरकपट्टी जिथे आहे तिथे, मार्करने रेघ ओढा. रोज लांबी बदलायची गरज नाही, फक्त हूक लावायचे. इलॅस्टिक ढिलं पडलं की रेघ आणि पट्टी यांच्यातला फरक लगेच दिसतो. लोंबणारी टोकं पट्ट्याखाली खोचा.

इशारा: सगळे पट्टे सारखेच आवळू नका. पोटरीचा पट्टा जास्त आवळला की दोन-तीन इनिंगनंतर पावलाला मुंग्या येतात. मुलं ते सांगत नाहीत, पाय झटकत राहतात. पाय झटकताना दिसली की पट्टे पाहा.

## टप्पा ५: चाचणी

फक्त उभं राहून "बसतोय" म्हणणं ही दुकानातली नेहमीची चूक. उभं राहिल्यावर जवळजवळ कुठलाही जोड बसतो. पुढच्या हालचाली याच क्रमाने करून घ्या आणि प्रत्येकीनंतर कवचाचा मध्य वाटीच्या मध्यावर आहे का ते पाहा.

उकिडवं बसणं. आधी खुणा देताना बसतात तसं पाय जवळ घेऊन, मग चेंडू घेताना बसतात तसं पाय फाकवून. प्रत्येकी अर्धा मिनिट. पावलावर काही रुतू नये, मांडी आणि गुडघ्याच्या मध्ये कापड दिसू नये.

ब्लॉक. उकिडव्या स्थितीतून दोन्ही गुडघ्यांवर पडणं, पाच वेळा. जमिनीला कवचच टेकलं पाहिजे. "आवाज कुठून येतो?" असं तिला विचारा. टणक, कोरडा आवाज आला तर कवच टेकलं. मऊ, दबका आवाज आणि चेहऱ्यावर कळ म्हणजे वाटीखालचं हाड टेकलं.

थ्रो. बसल्या जागेवरून उठून सेकंड बेसकडे फेकण्याची क्रिया, चेंडूशिवाय, पाच वेळा. होम ते सेकंड २५.८६ मीटर आहे. इतकं लांब फेकायला पाय झटकन वळावे लागतात. आतले पंख एकमेकांत अडकत असतील तर ते इथे कळतं.

धाव. वीस मीटर वेगाने. थांबल्यावर नडगीचं कवच मध्ये आहे की बाजूला फिरलंय?

तपासा: शेवटी जोड काढा आणि मोजे खाली करून पाय पाहा. पट्ट्यांच्या फिकट खुणा दहा मिनिटांत जायला हव्यात. लाल रेघ टिकली तर तो पट्टा आवळलेला आहे. नडगीच्या हाडावर लाल डाग असेल तर अस्तर तिथे पातळ आहे किंवा दुमडलंय.

## टप्पा ६: काय बिघडलं आणि कशामुळे

- बसल्यावर कवच मांडीवर चढतं, खालची कड पावलावर टेकते: जोड लांब आहे. पट्टे आवळून हे सुटत नाही. बदला.
- बसल्यावर चढतं, पण खालची कड टेकत नाही: मागचा किंवा मांडीवरचा पट्टा घट्ट आहे. तोच सैल करा.
- धावताना बाहेर फिरतं: गुडघ्याखालचा पट्टा सैल, किंवा जोड पोटरीला रुंद. आधी पट्टा, मग दुसरा जोड.
- घोट्याजवळ तीन बोटांहून मोठी फट: आखूड पडला. वाढ झाली असेल तर पुन्हा माप घ्या.
- हूक सारखे सुटतात: इलॅस्टिक मेलंय किंवा हुकाचं तोंड उघडलंय. हूक पकडीने दाबून पाहा. पुन्हा उघडला तर पट्टा बदला.

## टप्पा ७: शाळेच्या बॅगेतला किंवा जुना जोड

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात, आणि पुष्कळ शाळांत तिन्ही गटांना एकच किटबॅग असते. सहावीतली मुलगी आणि बारावीतली मुलगी एकाच लेगगार्डमध्ये बसणं शक्य नाही. शाळेला एकदम सगळं घेता येत नसेल तर दोन जोड घ्या, एक १३ ते १४ इंचांचा आणि एक साडेचौदा ते साडेपंधरा इंचांचा. प्रत्येकाच्या आत मार्करने इंच लिहा. डावा-उजवाही लिहा, नाहीतर घाईत दोन जोडांचे डावे पाय एकत्र निघतात.

जुना जोड तपासताना:

१. कवच उजेडात धरून हलकेच वाकवा. पांढरट रेघ उमटली तर प्लास्टिक ठिसूळ झालंय. रिव्हेटभोवतीची तडही पाहा. दोन्हींत जोड बाद.

२. अस्तर अंगठ्याने दाबून सोडा. खळगा तसाच राहिला तर फोम बसलाय. अस्तर सुटं मिळालं तर बदला.

३. इलॅस्टिक ताणून सोडा. परत मूळ लांबीवर आलं पाहिजे. न आल्यास बॅगा शिवणाऱ्याकडून तेवढ्याच रुंदीचं नवं इलॅस्टिक जुन्या हुकांवर शिवून घेता येतं. टाके दुहेरी घ्यायला सांगा.

इशारा: तडकलेल्या कवचावर चिकटपट्टी लावून किंवा तारेने शिवून खेळवू नका. चेंडू लागला की तुटकी कड आत वळते. पट्ट्याऐवजी सुतळी किंवा जुनी नाडीही नको. तिला ताण नसतो, ती पायात रुतते.

## टप्पा ८: नी सेव्हर लावायचे का?

पोटरीच्या मागे बसणाऱ्या या उशा खोल बसताना गुडघ्यावरचा ताण थोडा कमी करतात. लावायच्याच असतील तर लेगगार्डचं माप आणि पट्टे पक्के झाल्यावर, खालच्या दोन पट्ट्यांवर लावा. वर, गुडघ्याच्या खोबणीत सरकल्या तर उठायला वेळ लागतो आणि पट्टेही ताणले जातात. बसायची पद्धत शिकत असलेल्या लहान मुलीला आम्ही त्या देणार नाही. ती उशीवर रेलून बसायला शिकते आणि पाय हलवणं विसरते.

वाटीच्या खाली फुगवटा, दाबल्यावर दुखणं किंवा जिना चढताना कळ असेल तर उपाय नी सेव्हर नाही. वाढीच्या वयात तिथल्या हाडाला सूज येणं नेहमीचं आहे, आणि त्यात विश्रांती लागते. सराव थांबवा, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

## टप्पा ९: निगा आणि पुन्हा मोजणी

सरावानंतर अस्तर काढून झटका. आठवड्यातून एकदा साध्या साबणाने हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. कवच ओल्या फडक्याने पुसा. गाडीच्या डिकीत किंवा गच्चीवर उन्हात टाकू नका; उष्णतेने प्लास्टिकचा आकार बिघडतो.

शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यातच सुरू होतो, त्यामुळे ओले लेगगार्ड बंद बॅगेत राहणं फार होतं. हूक गंजतात, अस्तराला बुरशी येते. घरी आल्यावर हूक कोरडे पुसा, रिव्हेट आणि हुकांना महिन्यातून एकदा तेलाचं बोट लावा.

दर तीन महिन्यांनी टप्पा १ पुन्हा करा, आणि स्पर्धेच्या दोन आठवडे आधी तर नक्कीच. माप अर्ध्या इंचाने वाढलं असेल तर टप्पा ५ पुन्हा घ्या. नवा जोड लागणार असेल तर तो स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. निदान चार सराव त्यात होऊ द्या, म्हणजे सांधे सैल होतात आणि पट्ट्यांवरच्या रेघा नेमक्या जागी येतात. जुना जोड धड असेल तर आत इंच लिहून लहान गटाच्या बॅगेत टाका.